‘नाश्ता सर्वांत महत्त्वाचा’ : एका वाक्याचा माग

माझ्या थिसिसच्या दुसऱ्या प्रकरणाचा पहिला खर्डा मॅडमकडून परत आला, तेव्हा त्यात फारशा खुणा नव्हत्या. मला हायसं वाटलं. मग पान ४१ वर एका वाक्याखाली पेन्सिलीची रेघ दिसली आणि समासात एवढंच लिहिलेलं: ‘हे मूळ वाचलंस का?’

वाक्य साधंच होतं. सकाळी नाश्ता केल्याने वजन आटोक्यात राहतं, हे श्लुंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ सालच्या चाचणीत दाखवून दिलं आहे, असं मी लिहिलं होतं. खाली रीतसर संदर्भ. लेखकांची नावं, वर्ष, नियतकालिक, खंड, पृष्ठं, सगळं बिनचूक.

आणि मी तो पेपर वाचला नव्हता. एका आढावा-लेखात ते वाक्य दिसलं, संदर्भ दिसला, दोन्ही उचलले. आढावा-लेख चांगल्या नियतकालिकातला होता, त्यामुळे शंका घ्यावी असं मनातही आलं नाही. तुमच्यापैकी बरेच जण पेटची परीक्षा देऊन आता सिनॉप्सिसच्या मागे असाल. तुम्हीही हे कधी ना कधी करणार आहात, किंवा कालच केलं असेल. म्हणून ही गोष्ट जरा सविस्तर सांगते. माझा विषय विसाव्या शतकातल्या आहारविषयक सल्ल्याचा इतिहास असा आहे, त्यामुळे नाश्ता माझ्या वाट्याला येणारच होता. पण तो असा येईल असं वाटलं नव्हतं.

तर मूळ पेपर. तो ‘अमेरिकन जर्नल ऑफ क्लिनिकल न्यूट्रिशन’मध्ये आला. काम व्हँडरबिल्ट विद्यापीठातलं. मध्यम स्थूल अशा ५२ स्त्रिया घेतल्या. आधी त्यांचे दोन भाग केले: ज्यांना रोज नाश्ता करायची सवय होती त्या, आणि ज्या एरवी नाश्ता करत नव्हत्या त्या. मग प्रत्येक भागातल्या काहींना नाश्त्यासह दिवसाला तीन जेवणं आणि काहींना नाश्ता वगळून दोन जेवणं, असं वाटून दिलं. कुणी कुठे जायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. दोन्हीकडच्या आहारात एकूण उष्मांक सारखेच. बारा आठवडे हे चाललं.

निकाल पाहा. ज्यांना नाश्त्याची सवय होती आणि आता तो बंद करायला सांगितला, त्यांचं वजन सरासरी ८.९ किलोने घटलं. सवय होती आणि नाश्ता चालूच ठेवला, त्यांचं ६.२ किलोने. ज्यांना सवय नव्हती आणि आता नाश्ता करायला लावला, त्यांचं ७.७ किलोने. सवय नव्हती आणि तसंच ठेवलं, त्यांचं ६.० किलोने.

हे आकडे वहीच्या पानावर चार चौकोनांत मांडा. मी मांडले तेव्हा माझा चेहरा पाहण्यासारखा झाला असणार. सगळ्यांत जास्त वजन घटलं ते नाश्ता सोडलेल्या बायकांचं. त्याखालोखाल, नाश्ता नव्याने धरलेल्यांचं. म्हणजे नाश्ता केला की नाही यापेक्षा सवय बदलली की नाही, हा फरक मोठा दिसतो. लेखकांनीही तसंच म्हटलंय: ज्यांना आपल्या खाण्याच्या सवयींत जास्त बदल करावा लागला त्यांना जास्त फायदा झाला असावा. तेही बेतानेच, कारण त्यांचं पी-मूल्य ०.०६ च्या आसपासचं होतं, म्हणजे आपण रूढीने ०.०५ वर जी रेघ मारतो तिच्या जरा बाहेर. चारही गटांत माणसं किती, तर ५२ भागिले चार, सरासरी तेरा.

मग ‘नाश्त्याने वजन आटोक्यात राहतं’ हे आलं कुठून? पेपरच्या सारांशातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि उलगडा झाला. तिथे लेखक म्हणतात की नाश्ता करणाऱ्या स्त्रियांच्या आहारात स्निग्धांश कमी झालेला आणि मधूनच उगाच तोंडात टाकणं कमी झालेलं दिसलं, म्हणून वजन घटवण्याच्या कार्यक्रमात नाश्त्याला महत्त्व असू शकेल. ‘असू शकेल.’ ज्यांनी सारांशाचं फक्त शेवटचं वाक्य उचललं त्यांना नाश्ता मिळाला. ज्यांनी आकडे पाहिले असते त्यांना चार चौकोन मिळाले असते. आणि माझ्यासारख्या ज्यांनी दुसऱ्याचं वाक्य उचललं त्यांच्याकडे येईपर्यंत त्या ‘असू शकेल’चं ‘दाखवून दिलं आहे’ झालं होतं.

यात मी एकटी नव्हते, हे नंतर कळलं. २०१३ साली अँड्र्यू ब्राउन, मिशेल बोहॅन ब्राउन आणि डेव्हिड अ‍ॅलिसन यांनी त्याच नियतकालिकात एक लेख लिहिला. पुराव्याच्या पलीकडे गेलेला विश्वास, असा त्याचा विषय, आणि उदाहरण म्हणून घेतलेला दावा हाच: नाश्ता टाळल्याने माणूस लठ्ठ होतो. त्यांनी या दाव्यावरचे नव्वदेक लेख तपासले. शिवाय श्लुंट यांचा पेपर ज्यांनी ज्यांनी उद्धृत केला ते लेख शोधले आणि प्रत्येकाने त्यातून काय उचललं ते पाहिलं. बरेच जण मूळ पेपरपेक्षा जास्त ठाम बोलत होते, आणि तो ठामपणा जवळजवळ नेहमी नाश्त्याच्याच बाजूला झुकलेला होता. चूक सगळ्या दिशांना विखुरली असती तर निष्काळजीपणा म्हणता आलं असतं. ती एकाच दिशेने होते म्हणजे लिहिणाऱ्याला उत्तर आधीच माहीत आहे.

हे उत्तर आधीच माहीत असणं, इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याचं काम सुरू होतं. कारण ते पेपरमधून आलेलं नसतं. ते त्याच्या खूप आधीपासून हवेत असतं.

या विशिष्ट हवेचं गाव सांगता येतं: अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं बॅटल क्रीक. तिथे सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाच्या लोकांनी १८६६ साली एक आरोग्यसंस्था काढली. १८७६ मध्ये तिची सूत्रं चोवीस वर्षांच्या एका डॉक्टरकडे आली, जॉन हार्वे केलॉग. त्याच्या हाताखाली ही संस्था ‘बॅटल क्रीक सॅनिटेरियम’ म्हणून देशभर गाजली. त्या काळच्या खात्यापित्या अमेरिकन घरांत सकाळचं खाणं म्हणजे डुकराचं मांस, स्टेक, तळलेले बटाटे, पॅनकेक. आणि त्यावर तक्रार कुठली, तर अपचनाची. केलॉगचं म्हणणं असं की मांस सोडा, मसाले सोडा, धान्य खा. जेम्स केलेब जॅक्सन या आणखी एका आरोग्यवाद्याने १८६३ मध्येच न्यूयॉर्क राज्यात ‘ग्रॅन्युला’ नावाचं भाजक्या धान्याचं खाणं काढलं होतं, पण ते इतकं कडक की रात्रभर भिजत घालावं लागे. केलॉग बंधूंनी शिजवलेलं धान्य रुळांतून काढून त्याचे पातळ पापुद्रे भाजायची रीत बसवली. त्याचं पेटंट १८९६ साली मिळालं.

इथपर्यंत हे रुग्णांचं पथ्य होतं. पुढे त्याचा धंदा झाला. सॅनिटेरियममध्ये उपचार घेऊन गेलेला सी. डब्ल्यू. पोस्ट याने त्याच गावात १८९५ साली कॉफीऐवजी प्यायचं धान्याचं पेय आणि १८९७ मध्ये ‘ग्रेप-नट्स’ बाजारात आणलं. डॉक्टर केलॉगचा धाकटा भाऊ विल्यम कीथ, ज्याने वर्षानुवर्षं भावाच्या हाताखाली हिशेब सांभाळले होते, तो १९०६ मध्ये वेगळा झाला आणि त्याने कॉर्नफ्लेक्सची कंपनी काढली. दोघांच्या भांडणातला एक मुद्दा साखरेचा होता. धाकट्याला ती हवी होती, थोरल्याला चालत नव्हती. बाजारात कोण जिंकलं हे तुमच्या किराणा दुकानातल्या फळीवर दिसेलच.

१९१७ साली केलॉगच्याच संपादनाखाली निघणाऱ्या ‘गुड हेल्थ’ मासिकात लेना कूपर या सॅनिटेरियममधल्या आहारतज्ज्ञ बाईंनी लिहिलं की अनेक अर्थांनी नाश्ता हे दिवसातलं सर्वांत महत्त्वाचं खाणं आहे, कारण दिवसाची सुरुवात त्याने होते. आज आपण जे वाक्य म्हणतो त्याचं हे बहुतेक वेळा दाखवलं जाणारं छापील ठिकाण. कूपर बाई काही जाहिरात लिहिणाऱ्या नव्हत्या. त्याच वर्षी अमेरिकन आहारतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापकांपैकी त्या एक. पण त्यांनी दिलेलं कारण नीट वाचा. दिवसाची सुरुवात होते म्हणून महत्त्वाचं. यात मोजमाप कुठेच नाही. हे व्यवहारज्ञान आहे, आणि आपली आजीही तेच सांगते. ते चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. फक्त त्याला संशोधनाचा पुरावा म्हणून उभं करता येत नाही.

यानंतर दोन प्रसंग येतात, त्यातला पहिला सगळीकडे इतक्या चवीने सांगितला जातो की मला त्याबद्दल सावध करायचं आहे. १९२० च्या दशकात ‘बीच-नट’ कंपनीला बेकन जास्त खपवायचं होतं. त्यांनी जनसंपर्काचा आद्यपुरुष मानला जाणारा एडवर्ड बर्नेस, म्हणजे सिग्मंड फ्रॉइडचा भाचा, याला गाठलं. बर्नेसने एका डॉक्टरकडून देशातल्या पाचेक हजार डॉक्टरांना विचारवलं की सकाळी हलकं खावं की भरपेट. साडेचार हजारांनी भरपेट म्हटलं, वर्तमानपत्रांत ठळक बातम्या झाल्या, आणि शेजारी बेकन-अंड्यांचा उल्लेख. गोष्ट फक्कड आहे. पण ती आपल्याला कळते ती मुख्यतः बर्नेसच्या तोंडून, आणि आपण लोकांची मनं कशी वळवतो हे सांगणं हाच त्याचा व्यवसाय होता. प्रकरणात वापरायची तर ‘बर्नेस सांगतो त्याप्रमाणे’ हे तीन शब्द सोडू नका. नाहीतर आपण एक प्रचार उघडा पाडताना दुसरा गिळतो.

दुसरा प्रसंग १९४४ चा. ‘जनरल फूड्स’ने, म्हणजे पोस्टच्या कंपनीतून वाढलेल्या उद्योगाने, ‘चांगला नाश्ता करा, काम चांगलं करा’ अशा आशयाची मोहीम काढली. दुकानांत पत्रकं, रेडिओवर जाहिराती, आणि त्यांत पोषणतज्ज्ञांचा हवाला. महायुद्ध चालू होतं, कारखान्यातल्या हातांना किंमत होती, त्यामुळे आरोग्याचं वाक्य हळूच कार्यक्षमतेचं झालं.

आणि मग प्रयोगशाळा. १९४० च्या दशकाच्या शेवटापासून साधारण दशकभर आयोवा विद्यापीठात डब्ल्यू. डब्ल्यू. टटल, केट डॉम आणि सहकाऱ्यांनी नाश्त्यावर प्रयोग केले. हे ‘आयोवा ब्रेकफास्ट स्टडीज’ म्हणून ओळखले जातात. व्यायामाच्या सायकलवर माणूस किती जोर लावतो, दिवा लागल्यावर किती पटकन प्रतिसाद देतो, हाताला कंप किती, हे त्यांनी मोजलं. १९५४ साली शाळकरी मुलांवरचा अभ्यास आला, त्यात नाश्ता न केलेल्या मुलांचं वर्गातलं लक्षही पाहिलं. काम मेहनतीचं होतं आणि मोजमापं खरी होती. पण सहभागी माणसं अगदी मोजकी असत, आणि खर्च उचलणाऱ्यांत होती सिरियल कंपन्यांची ‘सिरियल इन्स्टिट्यूट’. १९६२ साली या सगळ्या प्रयोगांचा एकत्र सारांश पुस्तिकेच्या रूपात छापला, तोही त्याच संस्थेने.

इथे थांबून एक सांगते, कारण चर्चासत्रात मला हा प्रश्न हमखास येतो: पैसा कंपनीचा म्हणून निष्कर्ष खोटा का? नाही. टटल यांनी आकडे बनवले असं म्हणायला माझ्याकडे काहीही आधार नाही. निधीचा परिणाम बहुधा उत्तरावर होण्याआधी प्रश्नावर होतो. नाश्ता केला तर काय होतं, हे वर्षानुवर्षं विचारायला पैसे मिळतात. दुपारचं जेवण उशिरा झालं तर काय होतं, हे विचारायला कोण देणार? आणि वर ज्या अ‍ॅलिसन यांचा उल्लेख केला त्यांच्याही संशोधनाला अन्नउद्योगाकडून निधी मिळालेला आहे, ते जाहीर आहे. म्हणजे हा निकष लावायचा तर दोन्ही बाजूंना लावा.

विसाव्या शतकाच्या अखेरीस मोठमोठ्या निरीक्षणात्मक अभ्यासांचं पीक आलं. अमेरिकेत वजन घटवून ते टिकवलेल्या लोकांची एक राष्ट्रीय नोंदवही आहे. २००२ साली तिच्यातल्या २,९५९ जणांची माहिती प्रसिद्ध झाली, त्यातले ७८ टक्के लोक रोज नाश्ता करत होते. आकडा भारी वाटतो. पण ज्यांचं वजन पुन्हा वाढलं त्यांच्यात नाश्ता करणारे किती टक्के, हे या नोंदवहीला माहीत असण्याचं कारणच नाही, कारण ते लोक तिच्यात नाहीत. यशस्वी माणसांनाच विचारलं की असं होतं. स्पर्धा परीक्षेच्या टॉपरची मुलाखत आठवा. तो पहाटे चारला उठायचा, बरोबर. न निवडले गेलेले किती जण चारला उठत होते?

२०१३ मध्ये हार्वर्डच्या गटाने २६,९०२ पुरुषांवरचा, सोळा वर्षांचा पाठपुरावा असलेला अभ्यास छापला. नाश्ता टाळणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका २७ टक्के जास्त. बातम्या झाल्या. पेपरमध्येच लिहिलंय की नाश्ता टाळणारे पुरुष तुलनेने जास्त धूम्रपान करणारे, नोकरीत पूर्ण वेळ अडकलेले, कमी हालचाल करणारे होते. संशोधकांनी गणिताने या गोष्टी बाजूला काढायचा प्रयत्न केला, पण जे मोजलंच नाही ते गणिताने निघत नाही. सकाळी घाईत सिगारेट ओढत बाहेर पडणारा माणूस आणि टेबलाशी बसून पेपर वाचत खाणारा माणूस यांच्यात नाश्त्याखेरीज केवढं अंतर असतं!

म्हणून चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्या लागतात, आणि त्या झाल्या. २०१४ मध्ये धुरंधर आणि सहकाऱ्यांनी ३०९ जणांना घेऊन सोळा आठवडे पाहिलं. नाश्ता करा सांगितलेले, करू नका सांगितलेले, आणि काहीच न सांगितलेले, वजनात फरक नाही. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाच्या गटाने सडपातळ लोकांवर सहा आठवड्यांची चाचणी केली. तिथेही वजनात फरक नाही, पण नाश्ता करणारे सकाळच्या वेळी जास्त हालचाल करत होते. हा निष्कर्ष मला आवडतो, कारण तो कुठल्याच घोषणेत बसत नाही. मग २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या गटाने अशा १३ चाचण्या एकत्र करून ‘बीएमजे’मध्ये विश्लेषण दिलं. नाश्ता न करणाऱ्यांचं वजन सरासरी ०.४४ किलोने कमी, आणि नाश्ता करणाऱ्यांच्या पोटात दिवसाला सुमारे २६० उष्मांक जास्त. चाचण्या बहुतेक छोट्या, थोड्या दिवसांच्या आणि दर्जाने बेताच्या, हेही त्यांनीच लिहिलंय.

एवढं वाचून झाल्यावर माझी काय अवस्था झाली असेल? मी पेटले. पान ४१ वरचं वाक्य खोडलं आणि प्रकरणाला नवं उपशीर्षक दिलं: ‘नाश्ता : एक मिथक’. बॅटल क्रीक, बेकन, सिरियलचे पैसे, सगळं एका माळेत ओवलं. मॅडमना पाठवायच्या आधी दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले आणि स्वयंपाकघरात आईला सगळं रंगवून सांगितलं.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिच्या वर्गात ऊसतोडीला जाणाऱ्यांची, वीटभट्टीवरच्यांची मुलं असतात. आईबाप अंधारात बाहेर पडतात. तिने सगळं ऐकून घेतलं, शेंगा सोलत. मग म्हणाली, "अगं, पण परिपाठाला उभी असताना चक्कर येऊन खाली बसतात ती पोरं? विचारलं की म्हणतात, काल संध्याकाळी खाल्लं होतं. ते मिथक का?"

मी म्हटलं, "तो वेगळा मुद्दा आहे."

"मग तुझ्या लेखात कुठाय तो वेगळा मुद्दा?"

नव्हता. मी वाचलेल्या चाचण्यांत सहभागी कोण होते? अमेरिकेतली, ब्रिटनमधली, पोटभर जेवणारी प्रौढ माणसं. त्यातली बरीच वजन कमी करायला आलेली. नाश्ता टाळणं ही त्यांची निवड होती. त्यांच्यावरून काढलेलं ‘फरक पडत नाही’ मी सगळ्या माणसांना लावून मोकळी झाले होते. श्लुंट यांचा पेपर न वाचता लिहिलेली मी आणि तेरा चाचण्या वाचून लिहिणारी मी, दोघींनीही ‘कुणाच्या बाबतीत?’ हा प्रश्न गाळला होता. आधीची निदान उत्साहात नव्हती.

परत आल्यावर मी वेगळ्या फडताळात शोधलं, आणि जमैका सापडलं. वेस्ट इंडीज विद्यापीठात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकारी कित्येक वर्षं मुलांच्या पोषणावर काम करत होत्या. १९८९ साली त्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ-दहा वर्षांची ९० मुलं, काही वाढ खुंटलेली, काही लहानपणी तीव्र कुपोषण झालेली, काही नीट पोसलेली. प्रत्येक मुलाची एकदा नाश्ता देऊन आणि एकदा न देता परीक्षा घेतली. नाश्ता नसेल तेव्हा कुपोषित मुलांचे काही चाचण्यांतले गुण घसरले. नीट पोसलेल्या मुलांचं तसं नुकसान दिसलं नाही. त्या एका पेपरमध्ये माझ्या दोन्ही खर्ड्यांचं उत्तर होतं. तो मी ‘लठ्ठपणा’ हा शब्द टाकून शोधत असताना मला दिसणं शक्यच नव्हतं.

मग त्याच गटाचा १९९८ चा पेपर. क्रिस्टीन पॉवेल, सुसान वॉकर, सुसान चँग आणि ग्रँथम-मॅकग्रेगर. जमैकाच्या ग्रामीण भागातल्या १६ शाळा, दुसरी ते पाचवीची ८१४ मुलं, त्यातली निम्मी कमी वजनाची. काहींना पूर्ण शालेय वर्षभर रोज शाळेत नाश्ता. आता नियंत्रण-गटाचं काय करायचं? एका मुलाला ताट आणि शेजारच्याला काहीच नाही, असं केलं तर ते क्रूर तर आहेच, शिवाय प्रयोगही बिघडतो, कारण नाश्त्याबरोबर मोठ्या माणसांचं लक्ष, कौतुक, जवळ बसवणं हेही मिळतं. म्हणून दुसऱ्या गटाला पाव संत्रं दिलं, आणि तेवढंच लक्ष. वर्षअखेरीस नाश्ता मिळालेल्या मुलांची उंची, वजन आणि हजेरी थोडी पुढे होती, आणि लहान वर्गातल्या मुलांचं गणित सुधारलेलं होतं. सुधारणा लहान होती, लेखिका तसं स्पष्ट लिहितात. वाचन-लेखनात फरक दिसला नाही, तेही लिहितात.

हे ज्ञान वापरणारी राज्यव्यवस्थाही आहे, आणि बऱ्याचदा तिने संशोधनाची वाट पाहिलेली नाही. अमेरिकेत १९६६ च्या कायद्याने शालेय नाश्ता प्रायोगिक म्हणून सुरू झाला आणि १९७५ मध्ये कायम झाला. मधल्या काळात, जानेवारी १९६९ मध्ये, ओकलंडच्या एका चर्चमध्ये ब्लॅक पँथर पक्षाच्या कार्यकर्त्यांनी मुलांना फुकट नाश्ता द्यायला सुरुवात केली होती. आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दुपारच्या जेवणाबरोबर सकाळच्या पौष्टिक नाश्त्याचीही शिफारस आहे. तामिळनाडूने १५ सप्टेंबर २०२२ ला मदुराईतून सरकारी शाळांत पहिली ते पाचवीसाठी नाश्ता योजना सुरू केली आणि पुढच्या वर्षी ती राज्यभर नेली. उद्या कुणी ‘बीएमजे’चा तो पेपर हातात धरून म्हणालं की नाश्त्याने काही होत नाही असं विज्ञान सांगतं, म्हणून या योजनेवर खर्च कशाला, तर? माझं ते उपशीर्षक त्याला आयतंच उपयोगी पडलं असतं. हे लिहिताना अजूनही अंगावर येतं.

संतुलित नाश्त्याचे फायदे खोटे, असं यातून निघत नाही. नाश्ता करणाऱ्यांच्या आहारात लोह, कॅल्शियम, काही जीवनसत्त्वं जास्त असतात, हे पुष्कळ अभ्यासांत दिसतं. पण अमेरिकन आकडेवारीत त्यातला काही भाग सिरियलच्या डब्यात बाहेरून घातलेल्या लोहाचा आणि फॉलिक आम्लाचा असतो, तो आपल्या पोह्यांना किंवा रात्रीच्या भाकरीच्या कुस्कऱ्याला तसाच लावता येणार नाही. आपल्याकडची न्याहारी तर शेतावर दोन तास काम करून मग सोडायची. ‘उठल्यापासून किती वेळात’ हा निकष तिला लावायचा तर घड्याळ कुठून सुरू करायचं, हाच पहिला प्रश्न. यावर कुणी काम करणार असाल तर मला जरूर कळवा.

प्रकरणाचं उपशीर्षक आता ‘नाश्ता : कुणासाठी, कशासाठी’ असं आहे. पान ४१ वर श्लुंट यांचे चारही आकडे आहेत, आणि त्यांच्या खालच्या तळटीपेत मी तो संदर्भ आधी कसा वापरला होता तेही. मॅडमनी ती तळटीप काढायला सांगितली नाही.

आईला फोनवर जमैकाचं सांगितलं. नाश्ता कुणाला, संत्रं कुणाला, का, सगळं. तिला प्रयोगाची रचना पटली, पण ती अडकली दुसरीकडेच. "वर्षभर रोज पाव संत्रं?" ती म्हणाली. "आमच्याकडे तेवढं मिळालं तरी हजेरी वाढेल बघ."